उकडीचा गोळा आणि मिठाचा हिशेब

पावसाळा लागला की रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांत मिठाच्या बरणीत तांदळाचे दहा-बारा दाणे टाकले जातात. मिठाला पाणी सुटते, तांदूळ त्यातले थोडे ओढून घेतो आणि मीठ निदान चमच्याने उचलण्याजोगे राहते. मीठ आणि तांदूळ ही या पट्टीचीच दोन पिके. उरण-पेणच्या मिठागरांतले मीठ आणि खारबंदिस्तीच्या आतल्या खाचरांतला भात. मिठागरे आता आक्रसली आणि बरीच खाचरे गोदामांखाली गेली, तरी दोन्ही जिनसा घरात असतातच. लहान मुलांना खेळायला जो मऊ, रंगीत गोळा लागतो, ज्याला मुले आणि बालवाडीच्या ताई सरसकट ‘क्ले’ म्हणतात, तोही मुळात याच दोन जिनसांचा आणि पाण्याचा होतो.

तरीही घरी केलेला हा गोळा अनेकांचा फसतो. मोबाइलवर दिसणारी कृती बहुतेक वेळा अमेरिकेतून आलेली असते: दोन कप मैदा, एक कप मीठ, दोन कप पाणी, तेल आणि ‘क्रीम ऑफ टार्टर’ नावाची एक पांढरी पूड. ती पूड अलिबागच्या किराणा दुकानात मागितली तर दुकानदार बेकिंग सोडा काढून देतो. फेब्रुवारीत पुण्याच्या कोरड्या हवेत या कृतीने गोळा बरा होतो. जुलैत रेवदंड्याला किंवा मुरूडला तोच गोळा दुसऱ्या दिवशी डब्यात पाझरू लागतो, तिसऱ्या दिवशी हाताला चिकटतो आणि आठवड्याने वास मारतो. मग आई कंटाळते, गोळा कचऱ्यात जातो आणि बाजारातला डबा घरी येतो, नाहीतर मुलाच्या हातात पुन्हा मोबाइल येतो.

खरे तर हा गोळा घरीच करावा आणि अंगणवाडीतही घरच्यासारखाच करावा. मात्र तो करताना परक्या हवेतली कृती उचलू नये, आणि त्यातल्या मिठाकडे डोळेझाक करू नये. कृती चुकली तर फार तर पीठ वाया जाते. मिठाचा हिशेब चुकला तर मूल आजारी पडू शकते.

गोळा पाझरतो का, ते आधी पाहू. स्वयंपाकाचे मीठ हवेतला बाष्पांश ओढते, पण नेहमीच नव्हे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या खाली असेल तर शुद्ध मीठ कोरडे राहते, त्या रेषेच्या वर गेली की ते विरघळू लागते. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरचा बहुतेक काळ हवा या रेषेच्या वरच असते. जाड्या मिठाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि ते जेमतेम 33 टक्के आर्द्रतेलाही पाणी ओढायला लागते. म्हणून मिठागराच्या खड्या मिठाला हिवाळ्यातही ओल येते आणि पुडीतले बारीक मीठ त्या मानाने टिकते. गोळ्यासाठी बारीक मीठच घ्यावे, ते एवढ्यासाठी. त्याने पाझरणे पूर्ण थांबत नाही, लांबते.

दुसरी चूक मिठाच्या मापात आहे. शंभर ग्रॅम पाण्यात साधारण 36 ग्रॅमच मीठ विरघळते, त्यापुढचे तळाशी बसते. ‘एक कप मीठ, दोन कप पाणी’ या मापात विरघळण्याजोग्या मिठापेक्षा बरेच जास्त मीठ पडते. उरलेले मीठ गोळ्यात वाळूसारखे कचकचते, मुलाच्या बोटांना झोंबते आणि टिकाऊपणात काडीचीही भर घालत नाही. जंतू आणि बुरशी रोखण्याचे काम विरघळलेले मीठ करते, तळाशी बसलेले नव्हे. मीठ पाणी अडवून धरते, त्यामुळे जंतूंना ते वापरता येत नाही. लोणच्याला आणि सुक्या मासळीला जे तत्त्व लागू होते तेच इथेही. म्हणजे ज्या कृतीत वाटीभर मीठ सांगितले आहे तिथे अर्धी वाटी पुरते. हे नुसते काटकसरीचे बोलणे नाही, त्याचे कारण पुढे येईल.

तिसरी चूक मैद्याची. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लुटेन तयार होते आणि गोळ्याला ताण येतो. तांदळात ग्लुटेन नाही. म्हणून तांदळाच्या पिठात गार पाणी घातले की गोळा भुगभुगतो, आणि लोक मैद्याकडे वळतात. पण हे अडचणीचे कारण रायगडच्या बाईला कुणी सांगायला नको, कारण तिने तांदळाची भाकरी थापायला शिकतानाच त्यावर उपाय शिकलेला असतो. पाण्याला उकळी आणायची, त्यात पीठ वैरायचे, झाकण ठेवून वाफ द्यायची आणि गरम असतानाच मळायचे. ही उकड. विज्ञानाच्या भाषेत 65 ते 75 अंश सेल्सिअसच्या आसपास तांदळातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि एकमेकांना धरून बसतात. मोदकाची पारी न चिरता वळते ती याच जोरावर.

उकडीचा एक मोठा फायदा मात्र फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. कच्चे पीठ निर्जंतुक नसते. धान्य शेतात, खळ्यावर, गोदामात आणि गिरणीत जे काही झेलते त्यातले बरेच पिठात उतरते. अमेरिकेत 2016 मध्ये गव्हाच्या पिठातून ई. कोलाय जंतूंचा संसर्ग अनेक राज्यांत पसरला, तेव्हा तिथल्या आरोग्य यंत्रणांनी मुलांना कच्च्या पिठाचे गोळे खेळायला देऊ नका, असे स्पष्ट सांगितले होते. उपाहारगृहांत वाट पाहणाऱ्या मुलांच्या हाती कच्च्या कणकेचा गोळा देण्याची तिथे पद्धत होती, तीही थांबवायला सांगितली. आपल्याकडे पोळ्या करताना पायाशी घुटमळणाऱ्या पोराला कणकेचा गोळा दिला जातो, तो काही क्षणांचा खेळ असतो आणि त्याचा बाऊ करायला नको. पण रोज तासभर खेळायचा, पुन्हा डब्यात जायचा आणि उद्या पुन्हा हातात यायचा गोळा शिजवलेलाच हवा.

तर किनाऱ्याची कृती अशी. एकाच मध्यम वाटीने मोजावे. दोन वाट्या पाण्यात अर्धी वाटी बारीक मीठ पूर्ण विरघळू द्यावे, त्यात दोन चमचे गोडे तेल आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. लिंबू हे त्या क्रीम ऑफ टार्टरच्या जागी. दोन्ही आम्ले आहेत आणि आम्लात जंतूंची वाढ आणखी अवघड होते. सोडा हा आम्लाच्या उलट्या जातीचा, तो इथे कामाचा नाही. पाण्याला उकळी आली की आच मंद करून दोन वाट्या तांदळाचे पीठ वैरावे, उलथन्याच्या दांड्याने ढवळावे, झाकण ठेवून चार-पाच मिनिटे वाफ द्यावी. कढई उतरवून कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने मळावे. नीट मळले की चिरा पडत नाहीत, आणि कमी मळलेला गोळा दुसऱ्या दिवशी हमखास तडकतो. कुणी त्यात दोन चमचे कॉर्नफ्लॉवर घालतात, त्याने पोत तलम होतो, पण नसले तरी अडत नाही. मळण्याचे काम मोठ्यांचे. उकड वरून निवलेली वाटते आणि आत भाजते, हे मोदक केलेल्या प्रत्येक बोटाला ठाऊक आहे.

गोळा दुसऱ्या दिवशी घट्ट झाला तर तो बिघडला असे नाही. थंड झालेला स्टार्च पुन्हा आवळून येतो, शिळी भाकरी कडक होते तसाच. थोडी वाफ देऊन मळला की तो पुन्हा वळणावर येतो. पाझरू लागला तर मात्र वरून कोरडे पीठ भुरभुरवू नये, कारण ते पीठ कच्चे असते आणि शिजवून जे साधले ते वाया जाते. पुन्हा कढईत घालून दोन-तीन मिनिटे परतावा. हवाबंद डबा, झाकणावर केल्याची तारीख, आणि शक्य तर फ्रिज. पावसाळ्यात आठवडा-दहा दिवस, थंडीत त्याहून बरेच जास्त. आंबूस वास, बुळबुळीत स्पर्श किंवा ठिपके दिसले की तारीख न बघता टाकून द्यावा.

आता मिठाचा हिशेब. वरच्या मापाने साधारण साडेपाचशे ग्रॅम गोळा होतो आणि त्यात सुमारे नव्वद ग्रॅम मीठ असते. म्हणजे लिंबाएवढ्या, पन्नासेक ग्रॅमच्या गोळ्यात सात-आठ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला सांगितलेली मर्यादा पाच ग्रॅमपेक्षा कमी आहे. एवढे मीठ दहा किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका दमात गेले तर रक्तातले सोडियम झपाट्याने वाढू शकते. मग पाणी पेशींतून बाहेर ओढले जाते, मेंदूच्या पेशीही त्यातून सुटत नाहीत. प्रचंड तहान, चिडचिड, उलट्या, मग सुस्ती आणि झटके, असा तो क्रम असतो. मोबाइलवरच्या कृतीतले मीठ याच्या जवळपास दुप्पट असते. म्हणून अर्धी वाटी.

भीती घालण्यासाठी हे सांगितलेले नाही. चवीने बहुतेक मुले सावध होतात. खारट गोळ्याचा एक कण जिभेला लागला की बहुतेक मुले तोंड वाकडे करून थुंकतात, आणि एखादा कण पोटात गेल्याने काही होत नाही. घरी केलेला असा गोळा खाऊन गंभीर आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या नोंदी मात्र पशुवैद्यकीय साहित्यात आहेत, कारण कुत्रा चव न बघता गिळतो. दीड-दोन वर्षांचे मूलही कधी कधी तसेच करते. म्हणून दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मिठाचा गोळा देऊच नये, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाजवळ खेळताना मोठे माणूस असावे. टाकून द्यायचा गोळा कोंबड्यांपुढे, गाईपुढे किंवा दारच्या कुत्र्यापुढे टाकू नये. तुळशीच्या कुंडीतही नको. कागदात गुंडाळून कचऱ्यातच जाऊ द्यावा.

समजा एखाद्या मुलाने मोठा तुकडा गिळलाच. अशा वेळी कोकणातच नव्हे, महाराष्ट्रभर घरोघरी एक उपाय केला जातो: मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे. विषबाधेच्या कोणत्याही प्रकारात हा उपाय धोक्याचा आहे, कारण त्याने मिठाचीच विषबाधा होऊ शकते. मिठाचा गोळा खाल्लेल्या मुलाला मिठाचे पाणी पाजणे म्हणजे आगीवर रॉकेल. उलटी काढू नये. मूल शुद्धीवर आणि नीट गिळत असेल तर साधे पाणी घोटाघोटाने द्यावे, आणि थेट दवाखाना गाठावा. डॉक्टरांना गोळ्यात काय काय होते आणि किती खाल्ले असेल ते सांगावे. झाकणावरच्या तारखेखाली मिठाचे माप लिहून ठेवले असेल तर ते काम सोपे होते.

मग दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी काय? बिनमिठाची उकड. साधी, कोमट, हवी तर तोंडात गेली तरी चालेल अशी. पण तिचे आयुष्य एका बैठकीपुरतेच. शिजलेल्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू जिवंत राहतात, उकळीनेही ते मरत नाहीत, आणि दमट उबेत काही तासांत वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवूनही जात नाही. शिळ्या भाताने पोट बिघडते त्याचे हे एक कारण. बिनमिठाचा गोळा संध्याकाळपर्यंत खिडकीत ठेवून रात्री पुन्हा देणे हे मिठाच्या गोळ्यापेक्षा जास्त जोखमीचे आहे. खेळ संपला की गोळाही संपला.

रंगांच्या बाबतीत घरातलेच पुरते. हळद, पालकाचा रस, बीट आणि कोकमाचा आगळ. हळद आणि आगळ यांत मोठ्या मुलांसाठी एक प्रयोगही दडलेला आहे: हळदीच्या गोळ्याला साबणाचे पाणी लावले की तो विटकरी होतो, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. आगळाचा लाल रंग साबणाने काळपट-निळसर होतो. आम्ल आणि अल्कलीचा धडा यापेक्षा स्वस्तात मिळत नाही. फरशीवरचे डाग ही त्याची फी. बाटलीतला खायचा रंग वापरायचाच तर तिच्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असावा. रांगोळी, कुंकू, धुळवडीचे रंग यांपैकी काहीही या गोळ्यात जाऊ नये. होड्यांचा रंग तर मुलांच्या हाती लागताच कामा नये. घरांच्या रंगांतल्या शिशावर 2017 च्या नोव्हेंबरपासून 90 पीपीएमची मर्यादा आहे, पण औद्योगिक रंग तिच्या कक्षेबाहेर आहेत. आणि एक लहानशी गोष्ट: प्राण्याला डोळे लावायला गुंजा घेऊ नयेत. लालभडक, काळ्या टिकलीची ती बी दिसते सुरेख, पण चावली गेली तर तिच्यातले विष घातक असते. डोळे गोळ्याचेच करावेत.

पेण तालुक्यातल्या घरांसाठी एक वेगळी सूचना हवी. पेण, हमरापूर, जोहे या भागांत गणपतीचे कारखाने घराला लागूनच असतात आणि मुले त्यातच वाढतात. बोटांनी आकार घडवण्याचे जे शिक्षण शहरातली बालवाडी शुल्क घेऊन देते, ते इथे ओट्यावर फुकट मिळते. गुजरातेतून येणारी शाडू पाच-सहा वर्षांच्या मुलाला पीठगोळ्याहून कितीतरी चांगली. ती जड असते, बोटांना जोर लावायला लावते, चूक पुसून पुन्हा करता येते. पण त्याच ओट्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोण्याही असतात. मुलांना ते पीठच वाटते. त्यात पाणी पडले की ते गरम होते आणि थिजते. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात एका शाळकरी मुलीने हाताचा साचा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत ठेवले, प्लास्टर आवळले, भाजले, आणि तिची बहुतेक बोटे काढावी लागली. ती सोळा वर्षांची होती, लहान मूल नव्हे. ‘हाताचा ठसा’ घ्यायचा तो मऊ उकडीत घ्यावा, प्लास्टरमध्ये कधीही नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारेल. बाजारात डबे मिळतातच. ते सगळे वाईट आहेत असेही नाही. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि त्या मानकात शिसे, कॅडमियम यांसारख्या धातूंना मर्यादा घातलेल्या आहेत. चिन्ह असलेला डबा घ्यायला हरकत नाही, जत्रेतला बिनचिन्हाचा घेऊ नये. या डब्याच्या जन्माची गोष्टही गमतीची आहे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका कारखान्यात पीठ, मीठ आणि पाण्याचा लगदा तयार होत असे, तो भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसायला. घरे गॅसवर तापू लागली, काजळी गेली, मालाला गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा एका बालवाडी शिक्षिकेने तो लगदा मुलांच्या हातात देऊन पाहिला, आणि 1956 पासून तो खेळणे म्हणून विकला जाऊ लागला. म्हणजे पुसायच्या लगद्याचे खेळणे झाले ते एका बाईला मुलांचे हात ठाऊक होते म्हणून.

महाराष्ट्रातही अशा बाया होत्या, आणि किनाऱ्यावरच होत्या. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसोरीची महागडी साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, माती यांतून साधने उभी केली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना त्यांच्याच कामातून रुजली. साधन आजूबाजूच्या परिसरातून यावे हा त्यांचा आग्रह निव्वळ गरिबीतून आलेला नव्हता. मुलाला ओळखीच्या वस्तूत हात घालायला संकोच वाटत नाही, हे त्यामागे होते. उकडीचा गोळा त्याच ओळीत बसतो. दिव्याच्या अवसेला घराघरांत पिठाचे दिवे होतात. मोदक झाल्यावर उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या होतात, आणि त्यातला एक लहान गोळा उंदीर करायला मुलाकडे जातोच. खेळाचे पीठ या किनाऱ्याला परके नाही, मोबाइलवरची त्याची कृती परकी आहे.

हाताच्या दृष्टीने पाहिले तर गरज खरीच आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठ हाडांपैकी साधारण तीनच दिसतात, बाकीची अजून कूर्चाच्या अवस्थेत असतात. यावरून मुलाने पेन्सिल धरूच नये असा काही नियम निघत नाही. पण ज्युनिअर केजीच्या मुलाला दुरेघी वहीत पानभर गिरवायला लावणाऱ्या शाळांनी आणि तशी मागणी करणाऱ्या पालकांनी ते चित्र एकदा बघावे. दाबणे, चिमटणे, वळणे, दोन्ही हातांनी दोन वेगळी कामे करणे हे सगळे पेन्सिलच्या आधीचे आहे. गोळ्याने बुद्धी तल्लख होते, एकाग्रता अमुक पटींनी वाढते, असे जे दावे डब्यांवर आणि पुस्तिकांवर छापलेले असतात ते मात्र मनावर घेऊ नयेत. गोळा हाताला काम देतो आणि मुलाला अर्धा तास गुंतवतो. एवढे पुष्कळ आहे.

घरातल्या थोरांचा एक आक्षेप उरतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: अन्नाशी खेळू नये. ज्या जिल्ह्यात आजही कातकरी वाड्यांवर कुपोषित मुले सापडतात तिथे पीठ खेळायला वापरणे बोचतेच. यावर एक उत्तर मापाचे आहे. गोळ्याला निवडक बासमती लागत नाही, कणीचे पीठ पुरते. मागच्या महिन्यात दळलेले, भाकरीला नको झालेले पीठही चालते, फक्त त्याला जाळी किंवा बुरशी लागलेली नसावी. आणि मूल तीन वर्षांचे असो की पाच, गोळा करताना हे पीठ आता खायचे राहिले नाही, हे त्याला सांगून टाकावे. दिव्यांचे पीठ खायचे, गोळ्याचे नाही, हा फरक मुलांना कळतो. दुसरे उत्तर असे, की ओढ्याकाठच्या मातीत दिवसभर हात घालणाऱ्या वाडीवरच्या मुलाला या गोळ्याची निकड फारशी नाहीच. त्याला आधी आहार हवा आणि जंतांची गोळी वेळेवर हवी. गोळ्याची गरज आहे ती पनवेल-उलव्याच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला, जिथे माती फक्त कुंडीत असते.

तरीही अंगणवाडीचा विचार सोडता येत नाही, कारण तिथे मुले एकत्र येतात आणि चुकाही एकत्र होतात. एकच मोठा गोळा सगळ्यांत फिरवणे ही त्यातली नेहमीची चूक. पावसाळ्यात खरूज आणि पिकलेले फोड हातांवर असतातच. मिठाने ते झोंबतात आणि गोळ्यातून एकाचे दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता असते. प्रत्येक मुलाचा लिंबाएवढा गोळा वेगळा, नावाच्या झाकणडबीत, खेळण्याआधी आणि नंतर साबणाने हात, आणि ज्याच्या हाताला जखम त्याला त्या दिवशी दुसरा खेळ. केंद्राने 2023 मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची खेळसाधनांची पेटी आणली, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही पायाभूत टप्प्यात खेळावर भर आहे. कागदावर सगळे आहे. पेटीतली वस्तू हरवली किंवा तुटली की ती पुन्हा येईपर्यंत वर्ष जाते, उकड मात्र दर आठवड्याला नवी करता येते.

खर्चाचा आकडा मांडायचा तर पंचवीस मुलांच्या अंगणवाडीला पन्नास-पन्नास ग्रॅमचे गोळे द्यायला सव्वा किलो गोळा लागतो. त्यासाठी अर्ध्या किलोहून कमी तांदळाचे पीठ, दोनशे ग्रॅम मीठ, वाटीच्या तळाशी येईल एवढे तेल आणि एक मोठे लिंबू लागते. हे सामान मुलांच्या खाऊच्या धान्यातून काढायला ताईंना भाग पडू नये. ग्रामपंचायतीने किंवा पालकांनी पंधरवड्याला एवढे वेगळे द्यावे, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर आठवड्याला. मदतनीस ताई सकाळचा खाऊ शिजवून झाल्यावर त्याच चुलीवर वीस मिनिटांत गोळा करू शकतात, उकड काढायला त्यांना कुणी शिकवावे लागणार नाही. मिठाचे माप तेवढे भिंतीवर लिहून ठेवावे: दोन वाट्या पाण्याला अर्धी वाटी.